डिस्चार्जनंतर बाजेवर किती दिवस?

डेंग्यू, फ्लू, कोरोना किंवा विषाणूजन्य न्यूमोनियातून बरा होऊन परतूर-जालन्याच्या दवाखान्यातून माणूस आष्टीला परत येतो, तेव्हा घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, महिनाभर बाजेवरून उठू द्यायचं नाही. दुसरं म्हणतं, ताप उतरला ना, मग सोयाबीन काढायला माणूस हवं. डेंग्यूचा जोर पावसाळा सरताना असतो आणि काढणी-वेचणीही त्याच सुमारास येते, म्हणून हा वाद आपल्याकडे दरवर्षी होतो. वाचकहो, माझ्या मते दोन्ही मतं रुग्णाचं नुकसान करतात. त्यातही पहिल्याचं नुकसान जास्त, कारण ते मायेपोटी येतं आणि त्याला कोणी हटकत नाही.

विश्रांतीनं शरीर भरून येतं, हे तापाच्या दिवसांपुरतं खरं आहे. त्यानंतर न वापरलेला स्नायू झिजू लागतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं मांस जवळपास एक किलोनं घटलं. त्याआधी १९६६ मध्ये डॅलस शहरात विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं होतं. श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयानं जेवढी क्षमता नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी नेली होती असं दिसलं. मात्र अंथरुणातून उठल्यावर दोन महिने पद्धतशीर व्यायाम केला, तशी ती भरूनही आली होती. ही तर धडधाकट माणसं, आजारी माणसाला हे कसं लागू, असं कोणी विचारेल. आजारी माणसाचं उलट जास्त जातं. लंडनमधल्या अतिदक्षता विभागांतल्या रुग्णांवरच्या २०१३ च्या अभ्यासात मांडीच्या स्नायूचा आकार दहा दिवसांत १७ टक्क्यांहून अधिक घटला होता, कारण झोपून राहण्याच्या जोडीला आजाराचा दाहही स्नायू तोडत असतो. वुहानमध्ये कोरोनातून घरी गेलेल्या १,७३३ रुग्णांना सहा महिन्यांनी तपासलं, तेव्हा ६३ टक्के लोकांना थकवा किंवा स्नायूंचा अशक्तपणा होता. म्हणजे घरी येणं हा आजाराचा शेवट नव्हे.

हा अशक्तपणा भरून काढायला आपल्याकडे सलाईन लावून घेतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. एका भाकरीत त्याहून जास्त ऊर्जा आहे. तोंडानं खाता-पिता येत असेल तर तो पैसा अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे यांवर घालावा. स्नायू प्रथिनांनी बनतो, आणि आजारातून उठलेल्या वयस्क माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. नुसत्या पेज-साबुदाण्यावर ते भागत नाही. आपल्या शिवारात सोयाबीन पिकतं आणि आपल्याच ताटात ते क्वचित येतं, याचं मला वाईट वाटतं. ३० ग्रॅम सोयाबीन वडीत १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

शेतातलं काम हाच व्यायाम, मग वेगळा कशाला, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अडचण अशी, की शेतकामाला मात्रा नसते. कमरेला ओटी बांधून दुपारभर वेचणी करणाऱ्या बाईला दहा मिनिटांनी थांबता येत नाही. सुरुवात घरातच करावी: खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून तीन वेळा, अंगणात पाच मिनिटं चालणं, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवणं. चालताना सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून तुटलं तर वेग कमी करावा. रोजंदारी बुडते हे खरं, पण घाईनं शेतात उतरून पुन्हा अंथरूण धरलं तर त्याहून जास्त बुडते.

काहींना मात्र व्यायामच बाधतो, हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. विशेषतः कोरोनानंतर काही रुग्णांना थोड्या श्रमानंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं, डोकं जड पडतं आणि ते कित्येक दिवस टिकतं. त्यांनी रेटून मात्रा वाढवू नये. कामाचे तुकडे पाडावेत, थकण्याआधी बसावं आणि आपली मर्यादा ओळखून राहावं. त्यांना आळशी म्हणणाऱ्या घरच्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

गावात फिजिओथेरपिस्ट नाही म्हणून सगळं सोडून देण्याची गरज नाही. दवाखाना सोडतानाच जिना कधी चढू, वजन कधी उचलू, कशानं थांबू, हे विचारून कार्डावर लिहून घ्यावं. पुढच्या शंकांसाठी सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो. छातीत दुखणं, बसल्याजागी धाप, चक्कर येऊन पडणं, छातीत अनियमित धडधड, एकाच पायाच्या पोटरीला सूज, किंवा बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ९४ च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर चालणं थांबवून लगेच दवाखाना गाठावा; धाप, छातीतलं दुखणं किंवा बेशुद्धी असेल तर १०८ ला फोन करावा.