यमपट आणि ‘दासबोधा’तील यमयातना

पापाची शिक्षा डोळ्यांना दाखवावी ही कल्पना भारतीय परंपरेत फार जुनी आहे. ‘मुद्राराक्षसा’च्या पहिल्या अंकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन हिंडतो. सातव्या शतकातील ‘हर्षचरिता’त यमपट्टिक बाजारपेठेत मुलांच्या घोळक्यात उभा राहून पटावरील परलोक काठीने दाखवितो. विसाव्या शतकातील ‘जैसी करनी वैसी भरनी’ या मथळ्याच्या छापील चित्रांची मांडणी याच जातीची: मध्ये यम व चित्रगुप्त, भोवती चौकटी, आणि चौकटीगणिक एक पाप व त्याचा दंड. पाप-दंडाची ही जोडी पुराणकाव्यातून येते. भागवताच्या पाचव्या स्कंधातील 28 नरकांची रचना याच तत्त्वावर उभी आहे.

या पार्श्वभूमीवर ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकातील आठवा समास वाचला म्हणजे एक वेगळेपण जाणवते. ‘आधिदैविक ताप’ या संज्ञेखाली शास्त्रग्रंथांतून सामान्यतः ग्रहपीडा, वीज, अतिवृष्टी असे दैवी उपद्रव येतात. समर्थांनी थंडी-ऊन, आग, सर्पदंश असे सर्व बाह्य उपद्रव आधिभौतिकात टाकले आणि आधिदैविक हे नाव मरणोत्तर यातनेसाठी राखून ठेवले. हा केवळ पारिभाषिक फेरफार नव्हे. आधिभौतिकाच्या सातव्या समासात कडेलोट आहे, माणसाला तोफेच्या तोंडी देणे आहे. म्हणजे राजसत्तेने केलेले देहदंड आहेत. त्यांच्या लगेच पुढे यमाचे दंड येतात. श्रोत्याला नरक कल्पावा लागत नाही. ओळखीची शिक्षा एक पायरी वर चढलेली दिसते.

पायरी हा शब्द येथे शब्दशः घ्यावयास हरकत नाही. गावच्या माणसाला गावचा अधिकारी दंड करतो, देशातील माणसाला राजा, आणि राजाला देव. राजाने न्याय सोडला म्हणूनच यमयातना आहे, असा या समासाचा युक्तिवाद आहे. त्याहून धीट भाग पुढे येतो: यमानेही नीती सोडली तर त्याच्यावर देवगण धावून येतात. यमपटावर यम चौकटींच्या मधोमध निर्विवाद बसलेला असतो. समर्थांच्या रचनेत तो उतरंडीतील एक अधिकारी आहे. पापांची निवडही बोलकी आहे. बळाच्या जोरावर दुसऱ्याचे शेत, द्रव्य, स्त्री बळकावणे आणि मदाने जीव घेणे, ही मुख्यतः सत्ता हाती असलेल्याची पापे होत.

परंपरा या ग्रंथाचे लेखन महाड तालुक्यातील शिवथरघळीत झाले असे मानते. या घळीचा शोध शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1930 मध्ये लावला. पोलादपूर तालुक्यातील कापडे, शिवथरचे खोरे आणि रायगड हा सारा सह्याद्रीच्या पायथ्याचा एकच डोंगराळ टापू. कडेलोटाची जागा म्हणून प्रसिद्ध असलेले टकमक टोक रायगडावरच आहे. त्यावरून समासातील ओळ त्या टोकाकडे पाहून लिहिली, असे अनुमान काढणे उतावीळपणाचे होईल. डोंगरी किल्ल्यांच्या मुलखात ही शिक्षा सर्वत्र परिचित होती. परंतु या प्रदेशातील श्रोत्याला ‘कडा’ हा शब्द अलंकार वाटला नसेल, एवढे निश्चित.

चित्रकाराने या समासाचा पट रंगवायचा म्हटल्यास जुनी चौकट पुरणार नाही. त्याला उभा पट घ्यावा लागेल: तळाशी गावची चावडी, वर राजसभा, तिच्यावर यमसभा, आणि यमाच्याही डोक्यावर धावत येणारे देव.