किळस, धास्ती आणि खरा संसर्ग

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. टीबीच्या पेशंटचं ताट वेगळं ठेवायचं का? आणि घरातली बाई दिवसभर हातच धूत बसते, तिला काय झालं असेल? दोन्हींच्या मुळाशी दोन भावना आहेत. किळस आणि धास्ती.

किळस ही शरीराची राखण आहे. नासलेलं अन्न, शी, पू यांपासून ती आपल्याला लांब ठेवते. पण तिला जंतू दिसत नाहीत. ती रूप, वास आणि 'कशाला लागलं होतं' एवढंच पाहते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. धोका नव्हता, तरी लोकांना तो रस नकोसा झाला. उलट काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी आपण बिनधास्त पितो आणि कॉलरा, कावीळ त्यातूनही येते.

धास्तीची चाल निराळी. किळस म्हणते, 'लागलं.' धास्ती म्हणते, 'आता पोरं आजारी पडली तर?' हात धुतले की घटकाभर बरं वाटतं. मग मन शिकतं की धुतलं म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी एकदा धुऊन भागत नाही.

'लागलं' या भावनेचा समाजाने नियम केला की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. आरोग्याच्या हिशेबाने पाहा. माणसाच्या जातीने पाणी बिघडत नाही, शेणाने बिघडतं.

मग तीच नजर आपण आपल्या घरातल्या आजारी माणसावर का रोखायची? टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. खोकताना तोंडावर रुमाल, खिडकी उघडी आणि औषधाचा पूर्ण कोर्स, एवढं सांभाळा. कुष्ठरोगाचं औषध सुरू झालं की त्याचा संसर्ग लवकरच थांबतो. एचआयव्ही एकत्र जेवल्याने होत नाही.

हात साबणाने २० सेकंद धुवावेत: संडासहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि बाळाला भरवण्याआधी. पिण्याचं पाणी उकळून झाकून ठेवा, दांड्याच्या ओगराळ्याने काढा.

आता दुसरा प्रश्न. धुण्यात रोज तास-तास जातात, हाताची सालं निघतात, नळाचं पाणी संपतं, मुलांना जवळ येऊ दिलं जात नाही. हा स्वभाव नाही, हट्ट नाही आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही. हा मंत्रचळ नावाचा आजार असू शकतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. बाबा-बुवाकडे नेऊन पैसा आणि वेळ घालवू नका.

यावर उपचार आहेत. तज्ज्ञाच्या मदतीने ज्याची धास्ती वाटते ते थोडं थोडं हाताळायचं आणि लगेच धुवायचं नाही. धास्ती हळूहळू ओसरते. किळस ओसरायला जास्त दिवस लागतात, म्हणून मध्येच सोडू नये. गोळ्यांचा गुणही काही आठवड्यांनी दिसतो. त्या मनाने बंद करू नयेत.

घरच्यांनी चिडवू नये, मारू नये. पण 'स्वच्छ आहे ना?' असं दहादा विचारलं तर दहादा उत्तरही देऊ नये, त्याने आजार पोसला जातो. 'तुला त्रास होतोय हे कळतंय, आपण डॉक्टरांकडे जाऊ,' असं म्हणावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. नंबर भिंतीवर लिहून ठेवा.