‘सगळ्या माद्यां’चं बीज घेऊ नका

रोहतक-झज्जरच्या खाऱ्या तळ्यांत अजून पाणी भरायचंय, तोवर दहा जणांनी एकच विचारलं: “साहेब, यंदा सगळ्या माद्यांचं व्हेनामी कोळंबीचं बीज मिळतंय, घेऊ का?” गेल्या हंगामात एकाच पागात आठ ग्रॅमची आणि तीन ग्रॅमची कोळंबी आली. लहान राहिले ते नर, असं कुणीतरी यांच्या डोक्यात भरवलं.

व्हेनामीत मादी नरापेक्षा मोठी होते, खरंय. पण तो फरक माल विक्रीला येऊ लागल्यावर दिसतो, तीन ग्रॅमला नाही. माणसात लिंग बापाकडून ठरतं, कोळंबीत आईकडून. मादीची गुणसूत्रं झेड-डब्ल्यू, नराची झेड-झेड. त्यामुळे साध्या बिजात निम्मे नर निघणारच. नराची खूण, पेटास्मा, पोहण्याच्या पायांच्या पहिल्या जोडीवर येते. पिशवीतल्या बारा दिवसांच्या पिल्लाला ती नसतेच. मग विकणाऱ्याने माद्या ओळखल्या कशा? इस्रायलमध्ये संशोधक अमीर सागी यांनी नरग्रंथीच्या संप्रेरकाचं जनुक गप्प करून एकलिंगी बीज काढलं, पण ते गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं, आणि सगळं नरांचं. तिथे नरच मोठे होतात.

झज्जरकडे एकाने तर तिलापियाची मिथाइल टेस्टोस्टेरॉनची पूड अंड्यात कालवून खाद्याला चोळली. डबा मोठ्या कौतुकाने दाखवला. अरे बाबा, ती पूड तिलापियाच्या माद्यांचे नर करते, आणि तुला हव्यात माद्या! शिवाय कोळंबीचं नर-संप्रेरक इन्सुलिनसारखं प्रथिन. या स्टेरॉइडशी त्याचं नातंच नाही. त्याचा चेक ट्रे उचलला तर आत पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा. पीसीआर चाचणी केली, ईएचपी निघाला. हा सूक्ष्म परजीवी कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडात राहतो. कोळंबी मरत नाही, नुसती खात बसते आणि वाढत नाही.

गेल्या वर्षी असा ईएचपीचा माल निघालेलं तळं पूर्ण वाळवा, हेक्टरी सहा टन कळीचा चुना मातीत नांगरून मिसळा आणि माती ओली करा. नुसता वरून भुरभुरलेला चुना बीजाणू मारत नाही.

वाढ चोरणारा पहिला चोर ईएचपी, दुसरा पोटॅशियमची कमतरता. आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम समुद्राच्या मानाने फार कमी असतं. दहा पीपीटी पाण्याला लिटरमागे सुमारे १०७ मिलिग्रॅम लागतं. त्या झज्जरच्या तळ्यात ३० निघालं. एक मिलिग्रॅम वाढवायला मीटरभर खोल हेक्टरला वीस किलो म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे त्याला दीड टन हवं होतं. त्याने दोन पोती टाकली होती.

विमानाने बीज दिल्लीत उतरायच्या आत बिजाचा पीसीआर आणि पाण्याचा अहवाल, दोन्ही कागद हातात हवेत. पिशव्या तळ्यावर तरंगत ठेवून मला फोन करू नका.