लॅपटॉप, अभ्यास आणि पालक

जळगाव-धुळे भागातील पालकांची एक काळजी आम्ही नेहमी ऐकतो : मूल लॅपटॉपवर अभ्यास करते की खेळ खेळते, हे कळत नाही. काळजी रास्त आहे. पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्यांच्या घरी साधा स्मार्टफोनही नव्हता ती मुले मागे पडली, हेही आपण पाहिले. म्हणून लॅपटॉप काढून घेणे हा उपाय नव्हे. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन व भाषणांचे खंड आज याच पडद्यावर विनामूल्य वाचता येतात.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेचा दृष्टांत दिला. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. घरातही आपण हाच मध्यम मार्ग धरू या :

१) लॅपटॉप सर्वांसमोर, बैठकीत ठेवावा.
२) वेळ ठरवावी, झोपण्यापूर्वी तो बंद करावा.
३) दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट दूर पाहावे.
४) उत्तरे वहीत हाताने लिहावीत.

लॅपटॉप चालवता न येणाऱ्या आईवडिलांनीही रोज विचारावे, "आज काय शिकलास, मला समजावून सांग." मुलाला सांगता आले, म्हणजे अभ्यास झाला.