घटक ६ : शिकारी ते लेखक – जिम कॉर्बेट यांचे साहसकथन

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• जिम कॉर्बेट यांच्या जीवनाचा व लेखनाचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• शिकारकथा या प्रकारातील निवेदनाची वैशिष्ट्ये सांगता येतील;
• 'नरभक्षक' यासारख्या शब्दाचा अर्थ संदर्भासह तपासता येईल;
• साहसकथनाचे चिकित्सक वाचन करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून वाघाची एखादी गोष्ट ऐकली असेल. अशा गोष्टीत सांगणारा स्वतः हजर असतो, प्रसंग जिवावरचा असतो आणि 'मी हे डोळ्यांनी पाहिले' या एका आधारावर ऐकणारा विश्वास ठेवतो. मौखिक परंपरेतील हे कथन लिखित होते तेव्हा त्याचे काय होते, अनुभव आणि वाङ्मय यांचे नाते कसे जुळते, हे समजून घेण्यासाठी जिम कॉर्बेट यांचे लेखन उपयुक्त आहे. मूळ लेखन इंग्रजी असले तरी मराठी वाचकाला ते अनुवादांमुळे परिचित आहे. त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले, ही नोंदही येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

६.३ जीवनपरिचय

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच, १८८१ मध्ये, त्यांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीच्या रानातच जिम यांचे खरे शिक्षण झाले. पक्ष्यांचे आवाज, वाळूतील पाऊलखुणा, वाऱ्याची दिशा यांचे ज्ञान त्यांनी पुस्तकातून मिळवले नव्हते.

पुढे ते रेल्वेच्या नोकरीत शिरले. बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेच्या काठी मालाची चढउतार करण्याचे कंत्राट त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. म्हणजे शिकार हा त्यांचा चरितार्थ नव्हता. पहिल्या महायुद्धात कुमाऊँमधील मजुरांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जंगलातील युद्धाचे प्रशिक्षण देण्याचे काम त्यांनी केले. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगी यांच्यासह ते केनियातील न्येरी येथे स्थायिक झाले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

६.४ नरभक्षकांचा शोध

कॉर्बेट यांनी मारलेली पहिली नरभक्षक वाघीण चंपावतची. वर्ष १९०७. नेपाळात व कुमाऊँत मिळून तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद त्यांनी दिली आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी त्यांनी सरकारला दोन अटी घातल्या : वाघिणीवरील बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी शिकार करणाऱ्यांत आपली गणना होऊ नये आणि रानात कोणाची गोळी चुकून कोणास लागू नये, ही त्यामागील कारणे होती. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारल्याची सरकारी नोंद आहे. त्याला कॉर्बेट यांनी मे १९२६ मध्ये टिपले.

या कथांमध्ये शिकारीइतकेच महत्त्व कारणमीमांसेला आहे. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे जुन्या बंदुकीच्या जखमेने तुटलेले होते. मुक्तेश्वरच्या वाघिणीला साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमवावा लागला आणि सुमारे पन्नास काटे तिच्या अंगात रुतले. रुद्रप्रयागच्या संदर्भात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीकडे ते लक्ष वेधतात. मृतांची संख्या इतकी होती की दहन करणे अशक्य झाले. मृताच्या तोंडात निखारा ठेवून देह दरीत लोटले जाऊ लागले आणि बिबट्याला माणसाच्या मांसाची सवय लागली. जनावराच्या क्रौर्यापेक्षा त्याच्यावर आलेल्या प्रसंगाचा शोध घेणारी ही दृष्टी कॉर्बेट यांना इतर शिकारकथाकारांपासून वेगळी करते.

६.५ निवेदनाची वैशिष्ट्ये

(अ) भीतीची कबुली : चंपावतच्या मोहिमेत पाली गावाजवळ त्यांनी एक रात्र रस्त्याकडेच्या झाडाला टेकून काढली. त्या रात्री आपण किती घाबरलो होतो, हे ते लपवत नाहीत. निवेदक स्वतःची भीती मान्य करतो, म्हणून त्याच्या धैर्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

(आ) चिन्हांचे वाचन : भेकराचे ओरडणे, वानराची इशारत, चिखलातील ठसा ही सर्व त्यांच्या दृष्टीने अर्थवाही चिन्हे आहेत. कोणते जनावर, कोठून, कशामुळे ओरडले, याचा अर्थ ते संदर्भावरून लावतात. भाषेतही शब्दाचा अर्थ संदर्भावाचून निश्चित होत नाही. या साम्यामुळे त्यांची कथा वाचताना आपणही त्यांच्याबरोबर रान 'वाचू' लागतो.

(इ) माहितीचा क्रम : निवेदकाला शेवट ठाऊक असतो, तरी तो त्या क्षणी जेवढे कळले तेवढेच सांगतो. कथेतील उत्कंठा यातूनच निर्माण होते.

(ई) स्मृतीचे अंतर : चंपावतची घटना १९०७ ची, पुस्तक १९४४ चे. मधल्या काळात प्रसंग स्मृतीतून गाळून, निवडून आलेला असतो. म्हणून हे लेखन केवळ दैनंदिनीसारखी नोंद नाही. ती वाङ्मयीन रचना आहे.

६.६ परिवर्तन : सरळ की वळणाचे ?

'बंदूक टाकून कॅमेरा हाती घेतलेला शिकारी' अशी कॉर्बेट यांची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' मधील शेवटच्या लेखात ते वाघाचे छायाचित्र टिपण्याचा आनंद शिकारीच्या आनंदाहून मोठा मानतात. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला, त्याच्या उभारणीतील सहभागामुळे, पुढे त्यांचे नाव मिळाले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभही तेथेच झाला.

परंतु त्याच पुस्तकात पोवलगढच्या वाघाची कथा आहे. हा वाघ नरभक्षक नव्हता. तो प्रांतातील सर्वांत मोठा वाघ मानला जाई, आणि म्हणूनच अनेकांना हवा होता. १९३० मध्ये कॉर्बेट यांनी त्याला मारले. या दोन लेखांना एकाच पुस्तकात शेजार लाभलेला आहे. वाचकाने यांपैकी एक सोयीस्करपणे विसरू नये. माणसाचे विचार बदलतात तेव्हा जुन्या सवयी त्याच दिवशी सुटत नाहीत. लेखनात ही ओढाताण उरलेली असणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण होय.

६.७ माणसांची कथा

'माय इंडिया' (१९५२) या पुस्तकात वाघ मागे पडतात आणि माणसे पुढे येतात. मोकामा घाटावर स्टेशनमास्तर रामसरन यांच्या साहाय्याने कामगारांच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. उच्च-नीच जातींची मुले एका झोपडीत बसू शकत नव्हती. तेव्हा झोपडीच्या भिंती काढून टाकण्यात आल्या. झोपडीची मांडव-शेड झाली, आणि शेडमध्ये एकत्र बसण्यास कोणाची हरकत उरली नाही. जातिव्यवस्थेतील विसंगती या एका तपशिलातून उघडी पडते. मात्र व्यवस्था तशीच राहते, भिंत तेवढी जाते, हेही ध्यानात घ्यावे. कॉर्बेट गरिबांविषयी आत्मीयतेने लिहितात, पण परकीय सत्तेच्या न्याय्यतेविषयी प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्या कथांतील गावकरी कुमाऊँनी बोलतात आणि वाचकाला भेटतात ते इंग्रजीतून. मराठी अनुवादात तर ते आणखी एक पायरी दूर जातात. त्यांचा मूळ आवाज किती उरला, हा प्रश्न वाचताना मनात असू द्यावा.

६.८ मराठी वाचकासाठी

तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे वानरांच्या टोळ्यांचे बारकाईने निरीक्षण करून 'सत्तांतर' लिहितात. शिकाऱ्याची नजर निरीक्षकाची होणे, ही वाट मराठीतही आहे.

आजही चंद्रपूर, गडचिरोली भागांत माणूस व वाघ यांचा संघर्ष सुरू आहे. सरपणाला, मोहफुले वेचायला रानात गेलेले माणूस परत येत नाही, तेव्हा त्या घराचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने कमी होत नाही. अशा वेळी 'नरभक्षक' हा शब्द चटकन उच्चारला जातो. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. अचानक समोर आल्याने हल्ला करणारा वाघ आणि माणसाला भक्ष्य म्हणून शोधणारा वाघ यांना एकच नाव दिले, तर उपायही एकच सुचतो. कॉर्बेट गोळी झाडण्यापूर्वी हेच पडताळत : हल्ला कोणी केला, कसा केला, कशामुळे केला. शब्द वापरण्यापूर्वी पुरावा पाहण्याची ही शिस्त त्यांच्या नेमबाजीइतकीच शिकण्याजोगी आहे.

६.९ सारांश

कॉर्बेट यांच्या लेखनात प्रत्यक्ष अनुभव, निसर्गाचे ज्ञान आणि संयत निवेदन एकत्र आले आहे. शिकारीकडून संरक्षणाकडे झालेला त्यांचा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. त्यांचे वाचन करताना आदर आणि चिकित्सा ही दोन्ही आवश्यक आहेत.

६.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. चंपावतच्या मोहिमेपूर्वी कॉर्बेट यांनी कोणत्या अटी घातल्या व का ?
२. 'भीतीची कबुली हे विश्वासार्ह निवेदनाचे साधन आहे.' या विधानाची चर्चा करा.
३. पोवलगढच्या वाघाची कथा कॉर्बेट यांच्या रूढ प्रतिमेस कसा छेद देते ?
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून वन्य प्राण्याविषयीचा अनुभव ऐका. तो त्यांच्याच बोलीत, शब्द न बदलता लिहून काढा. त्यानंतर तोच अनुभव प्रमाण मराठीत लिहा. या दोन लेखनांत काय निसटले आणि काय नव्याने आले, हे दहा ओळींत नोंदवा.