एका स्वस्त वाद्ययंत्राचे गुण व मर्यादा



प्रार्थनेच्या वेळीं वाजणारी बाजाची पेटी तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. भात्यानें वारा भरावा, बोटानें पट्टी दाबावी, आणि आंतील पातळ पितळी जीभ कंप पावून सूर निघावा, इतकी तिची रचना सरळ आहे. परंतु ज्या वाद्यांत वारा नाहीं, तार नाहीं, कातडेंही नाहीं, त्यांतून सूर निघतो तरी कसा? या प्रश्नाचें उत्तर आज एका लहानशा यंत्राच्या उदाहरणानें पाहूं. त्या यंत्राची हकीकत बोधप्रद आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईशीं जुळलेला आहे.

या यंत्राचें नांव टीबी-३०३. जपानांतील रोलंड कंपनीनें तें १९८१ सालच्या अखेरीस बाजारांत आणिलें. ज्या वादकाजवळ साथीस बास गिटार वाजविणारा सोबती नसेल, त्याची उणीव थोडक्या खर्चांत भरून काढावी, एवढाच त्याचा हेतु होता.

आतां आंतील रचना पाहूं. शहापूरच्या मुलांस पाण्याचा दृष्टांत सहज पटेल. भातसा व तानसा येथील जलाशयांचें पाणी मुंबईकडे जातें, हें तुम्ही जाणतां. पाण्याची पातळी जितकी उंच, तितका खालच्या नळांत दाब अधिक. विजेलाही असाच दाब असतो. या यंत्रांत विजेचा दाब वाढला कीं सूर चढतो, आणि दाब उतरला कीं सूरही उतरतो. दाबाच्या अशा अखंड चढउतारावर जीं वाद्यें चालतात, त्यांस अ‍ॅनालॉग म्हणतात.

त्याचे मुख्य भाग तीन. पहिल्या भागांत जणूं एक लहान पात्र विजेनें हळूहळू भरतें, आणि भरतांच एकदम रितें होतें. हें एका सेकंदांत ११० वेळां घडलें तर खर्जांतला एक सूर निघतो. २२० वेळां घडलें तर तोच सूर वरच्या सप्तकांत निघतो. या भरण्या-रिकामें होण्याचें चित्र कागदावर काढिलें, तर तें करवतीच्या दात्यांसारखें दिसतें. याशिवाय चौकोनी दात्यांचा आणखी एक आकार यंत्रांत आहे. त्याचा आवाज काहींसा पोकळ असतो.

दुसरा भाग चाळणीचा. करवती सुरांत मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे अनेक उपस्वर मिसळलेले असतात. ही चाळणी वरचे उपस्वर अडविते व खालचे जाऊं देते. एक कळ फिरविली कीं तिचीं छिद्रें लहानमोठीं होतात. तोंडाचा चंबू करून ‘ऊ’ म्हणा, आणि सूर न सोडतां सावकाश ‘आ’ म्हणा. सूर तोच, पण रंग पालटला! चाळणीचें काम नेमकें असेंच आहे. तिसरा भाग आवाजाच्या उठावाचा: घंटेचा टोल पडावा व नाद विरत जावा, तसा प्रत्येक सूर उठतो आणि मावळतो.

आतां त्याचे दोष सांगतों. हें यंत्र एका वेळीं एकच सूर काढतें. दाबण्याच्या कळा इवल्याशा असून त्यांवर पेटीसारखें वादन करतां येत नाहीं. चाल आधीं भरून ठेवावी लागते, आणि त्यांतही सूर वेगळे व लय वेगळी भरावी लागते. बॅटऱ्या संपल्या कीं भरलेलें सारें पुसून जातें. शिवाय त्याचें सप्तक बारा समान पायऱ्यांचें. त्यामुळें त्याचा गांधार तंबोऱ्यांत ऐकूं येणाऱ्या गांधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो. हा दोष आपल्या पेटींतही आहे. पेटीवरील अशाच आक्षेपांमुळें १९४० सालीं रेडिओनें तिला दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत. आणि सर्वांत मोठा आक्षेप हा, कीं ज्या बास गिटारची जागा घ्यावयाची, तिच्यासारखा आवाज त्यांतून मुळींच निघेना! सुमारें १०,००० यंत्रें निघाल्यावर १९८४ मध्यें कंपनीनें तीं करणें थांबविलें, आणि तीं जुन्या बाजारांत अल्प किमतीस विकलीं जाऊं लागलीं.

परंतु गुण पाहा. पेटीच्या एका पट्टीवरून दुसरीवर जातांना सूर उडी मारतो. तिच्यांत मींड निघत नाहीं. या यंत्रांत मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर विजेचा दाब घसरत नेण्याची सोय आहे. ही घसरण ठरीव मापाची असते, गवयाच्या गळ्यासारखी स्वाधीन नव्हे. तथापि ती आहे. शिवाय चाल आपोआप चालूं असतां वादकाचे हात मोकळे राहतात, आणि चाळणीची कळ फिरवून तो एकाच सुरावलींतून नाना रंग काढूं शकतो.

हे गुण मुंबईंतील चरणजित सिंग यांनीं ओळखिले. हे गृहस्थ हिंदी चित्रपटसंगीताचे वादक होते. त्यांनीं १९८२ सालीं हें यंत्र, एक तालयंत्र व एक मोठें सुरयंत्र एकत्र जोडून भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा रागांची तबकडी काढिली. कोमल स्वरांची सूक्ष्म लकब तींत हरपते, असें जाणकार म्हणतील, आणि तें खरें आहे. तबकडी फारशी खपली नाहीं. पुढें १९८७ मध्यें अमेरिकेंतील शिकागो शहरच्या कांहीं तरुणांनीं असेंच एक जुनें यंत्र हातीं घेऊन कळा फिरवीत एक रचना प्रसिद्ध केली, आणि तिच्यापासून नृत्यसंगीताचा एक नवा पंथच निघाला. २०१० सालीं मुंबईची तबकडी पुन्हां निघाली, तेव्हां पांच वर्षें आधींचें हें काम ऐकून परदेशचे रसिक चकित झाले. २०१५ मध्यें चरणजित सिंग मुंबईंत निवर्तले. हयातींतच त्यांस हा उशिराचा मान पाहावयास मिळाला.

मित्रहो, यंत्रांत यामुळें कांहीं बदल झाला काय? मुळींच नाहीं. पूर्वीं त्याचा एकच सूर होता, नंतरही एकच राहिला. बॅटऱ्या संपल्या कीं तें आजही सारें विसरतें. दोष हे दोषच. बदलला तो पाहणारा. पहिल्यांनीं विचारिलें, ‘हें गिटारसारखें कां वाजत नाहीं?’ दुसऱ्यांनीं विचारिलें, ‘यांत काय वाजतें?’

पालकहो, आपण आपल्या मुलांस पहिलाच प्रश्न वारंवार विचारतों. ‘शेजारच्या मुलासारखे गुण तुला कां मिळत नाहींत?’ हें वाक्य शहापूर-मुरबाडकडच्या घराघरांत ऐकूं येतें. आणि वर्गांत तें माझ्याही तोंडून गेलें आहे, हें मीं कबूल केलें पाहिजे. शुभवर्तमानांतील तालांतांच्या दाखल्यांत ज्यास एकच तालांत मिळाला, त्याचा अपराध एकच असण्याचा नव्हता. तो त्यानें पुरून ठेविला, हा होता. मुलांनो, तुमच्याजवळ एकच सूर असेल, तर तो पुरूं नका. आणि आम्हां वडील मंडळींनीं, प्रगतिपत्रकावर सही करण्यापूर्वीं, तो सूर कोणता हें क्षणभर कान देऊन ऐकावें.