संगणकाचे दान : पुसणे आणि नष्ट करणे

अनेक माजी विद्यार्थी व पालक आपला जुना संगणक शाळेला, वसतिगृहाला किंवा विहारातील अभ्यासिकेला देतात. हे दान स्तुत्यच आहे. परंतु त्या यंत्रासोबत नकळत आणखीही काही दिले जाते : आधार कार्ड, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक पासबुकाची प्रत, कुटुंबाची छायाचित्रे. 'सर्व पुसून दिले आहे,' असे देणारा प्रामाणिकपणे सांगतो. पण पुसणे आणि नष्ट करणे यांत अंतर आहे.

संगणक प्रत्येक फाइलची नोंद एका सूचीत ठेवतो. हार्ड डिस्कवरील फाइल आपण 'डिलीट' करतो, रीसायकल बिनही रिकामी करतो, तेव्हा केवळ ही नोंद निघते. वसतिगृहाच्या हजेरीपटावरून मुलाचे नाव खोडावे, पण त्याची पेटी खाटेखालीच राहावी, तसा हा प्रकार. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो आणि सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. 'क्विक फॉरमॅट'नेही मुख्यतः सूचीच कोरी होते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि त्यांतील अवघ्या १२ योग्य रीतीने पुसलेल्या आढळल्या. उरलेल्यांतून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय माहिती व खासगी पत्रव्यवहार हाती आला.

म्हणून संगणक देण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम प्रत काढावी. एकेका दाखल्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी तहसील कचेरीचे किती उंबरठे झिजविले, हे आपण जाणतो. महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्ह वा बाह्य डिस्कवर घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

२. ई-मेल व इतर खात्यांतून बाहेर पडावे. ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड काढून टाकावेत.

३. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्जमधील 'रिकव्हरी' विभागात 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय असतो. तेथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून, 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' चालू करावे. यास काही तास लागू शकतात. मध्येच यंत्र बंद करू नये. आजच्या हार्ड डिस्कवर संपूर्ण जागेत एकदा नवे लेखन झाले, तरी घरगुती वापरासाठी ते पुरेसे असते.

४. एसएसडीची रीत निराळी आहे. तिच्यात लेखन सर्वत्र विखुरले जाते, त्यामुळे वरून लिहिले तरी जुनी प्रत कोठेतरी उरू शकते. तिच्यासाठी निर्मात्या कंपनीची 'सिक्युअर इरेज' सुविधा वापरावी. संगणक नवा असतानाच 'बिटलॉकर'सारखे कूटबद्धीकरण चालू करणे त्याहून उत्तम. त्याची किल्ली नष्ट केली की उरलेला मजकूर कोणालाही वाचता येत नाही. मात्र तोवर ती किल्ली स्वतंत्र ठिकाणी जपून ठेवावी.

५. बंद पडलेला संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून घ्यावी. हार्ड डिस्कमधील तबकड्या, एसएसडीमधील चिप फोडाव्यात. जाळू मात्र नयेत. अवशेष अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत.

संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. शाळेच्या कार्यालयातील एका संगणकात शेकडो मुलांचे जन्मदिनांक, उत्पन्नाचे दाखले व बँक खाती असतात. ती माहिती कार्यालयाच्या मालकीची नसते. पालकांनी ती विश्वासाने सोपविलेली असते. संगणक बदलताना कोणता, केव्हा व कोणी पुसला, याची नोंद वहीत ठेवण्याची शिस्त प्रत्येक संस्थेने लावून घ्यावी.

पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याची शिकवण देते. घेणाऱ्याने ते पाळावेच. पण जे द्यावयाचे नव्हते ते दुसऱ्याच्या हाती पडू नये, ही दक्षता देणाऱ्याची आहे.